रोटरी पॉलिशर हाती घेण्यापूर्वी

काळ्या अथवा गडद निळ्या रंगाची मोटार दुपारच्या उन्हात उभी असता तिच्या बॉनेटवर, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती, बारीक वर्तुळाकार रेषांची जी जाळी दिसते ती कारखान्यातून आलेली नसते. सोसायटीच्या आवारात रोज पहाटे एकाच बादलीत एकच फडके बुचकळून दहा-बारा गाड्या पुसून काढण्याचा जो शिरस्ता आपल्या शहरांत पडला आहे, त्याची ती निशाणी असते. वस्तुतः हे ओरखडे चहू दिशांना वेडेवाकडे गेलेले असतात; त्यांपैकी प्रतिबिंबाला आडवे असतील तेवढेच उजळून डोळ्यांत भरतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. ही जाळी नाहीशी करणारे रोटरी पॉलिशर, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट बफिंग मशीन म्हणतात, आता कोणाही हौशी गृहस्थाला बाजारात सहज मिळते.

पॉलिश म्हणजे पृष्ठभागावर काहीतरी चढवणे ही सार्वत्रिक समजूत मात्र आधी सोडून दिली पाहिजे. चढते ते वॅक्स, पॉलिश काढते. पोलादी पत्र्यावर गंजप्रतिबंधक अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर, या साऱ्यांची मिळून जाडी साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मनुष्याच्या दोन केसांएवढी भरते, आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा 40-50 मायक्रॉनांच्या आसपास असतो. ओरखडा घालवायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत सभोवारचा थर समपातळीत उतरवायचा. अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असल्यामुळे तो फाजील पातळ झाला की पुढे पांढुरका पडतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. हे मुद्दल आहे, आणि प्रत्येक पॉलिश ही त्यातून केलेली उचल आहे. म्हणून ज्या ओरखड्यात नख अडकते तो समूळ काढण्याचा हट्ट धरू नये. जुन्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनी गाड्यांना हा थर नसे. त्यांना पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरे, आणि आपण काय खरवडतो आहोत याचा पुरावा कारागिराच्या हातातच असे. आजचा क्लिअर कोट कोणतीही वर्दी न देता जातो.

रोटरीची चकती एकाच आसाभोवती फिरते, आणि तिचे सामर्थ्य व तिचा धोका या दोहोंचे मूळ इथेच आहे. सहा इंची पॅड मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरत असता त्याची कड ताशी सुमारे 43 किलोमीटर वेगाने रंगावरून घासत जाते, मध्यबिंदू मात्र जवळजवळ स्थिर राहतो; यंत्र किंचित कलते झाले की सारी घर्षणशक्ती त्या कडेच्या एका चंद्रकोरीत एकवटते आणि काही क्षणांत तेथील रंग तापून जळतो. ड्युअल ॲक्शन यंत्रात चकती स्वतःभोवती फिरता फिरता आपला केंद्रबिंदूही हलवीत राहते आणि दाब अधिक झाला तर फिरायची थांबते. ही दयाबुद्धी रोटरीपाशी नाही. वेल्डरकडच्या ग्राइंडरवर पॅड बसवून काम भागवण्याची जी युक्ती काही ठिकाणी चालते, तिचे तर नावच काढू नये, कारण तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या घेतो.

सरावासाठी भंगारवाल्याकडून एखादे जुने बॉनेट आणावे. ते सावलीत, थंड असताना, प्रथम धुवावे आणि क्ले बार फिरवून चिकटलेले कण उचलून घ्यावेत, नाहीतर तेच कण पॅडखाली सापडून नवे ओरखडे काढतात. कडा, घड्या आणि कोपरे यांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो; तेथे मास्किंग टेप लावण्यात कसूर करू नये. गळ्यातील साखळी, ओढणी, मफलर उतरवून ठेवावे आणि वायर खांद्यावरून पाठीमागे सोडावी. फोमच्या पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे घासणाऱ्या पॉलिशचे, वाटाण्याएवढे चार थेंब पुरेत. पॅड पत्र्यावर टेकवल्यावरच बटण दाबावे, अन्यथा कंपाउंड भिंतीवर उडते. सुमारे 600 फेऱ्यांवर ते दीड-दोन फुटांच्या चौकोनात पसरून मग 1200 ते 1500 पर्यंत जावे. यंत्र दोन्ही हातांनी सपाट धरून, मागच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकीत, सावकाश पण कोठेही न थबकता चालवावे. दुधी लेप हळूहळू विरळ होऊन त्याची पारदर्शक तेलकट साय उरली म्हणजे काम झाले. त्यापुढे फिरवणे म्हणजे कोरडे घासणे. मधून मधून तळहात टेकवून पाहावा. चटका बसू लागला तर थांबावे. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता वाहून नेत नसल्यामुळे पत्र्याहून लवकर तापतो, हेही ध्यानात असावे.

रोटरीच्या मागे पुष्कळदा अर्धवर्तुळाकार धूसर छटा उरतात; त्यांना या धंद्यात होलोग्राम म्हणतात. मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश घेऊन, कमी वेगाने आणि केवळ यंत्राच्या भाराने दुसरा हात दिला तर त्या जातात. अनेक ठिकाणी मात्र त्या तेलकट द्रव्याने बुजवून गाडी मालकाच्या हवाली केली जाते, आणि दोन धुण्यांनंतर सारे उघडे पडते. म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून, टॉर्च तिरपी धरून तपासल्याखेरीज कोणाच्याही कामावर, स्वतःच्या देखील, इतबार ठेवू नये.

ज्याला रंगाची जाडी मोजणारे गेज मिळवणे शक्य आहे आणि सरावाच्या बॉनेटवर चार-दोन रविवार घालवण्याची तयारी आहे, त्याने रोटरी अवश्य शिकावी. खोल ओरखड्यांवर तिच्याइतके झपाट्याने काम करणारे साधन नाही. वर्षाकाठी एकदा आपली एकुलती गाडी उजळावी, एवढीच ज्याची इच्छा आहे, त्याने खुशाल ड्युअल ॲक्शन यंत्र घ्यावे. वेळ अधिक लागेल. रंग जळण्याची भीती मात्र पुष्कळच कमी राहील.