केबल तुटली, मग शेअर बाजार का थांबला?

नागपूरहून बोलतोय. आजचा विषय आहे स्टोरेज रेप्लिकेशन. नाव ऐकून लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका, कारण गोष्ट शेअर बाजारातून सुरू होते.

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. दुसऱ्या दिवशी महिन्याची एक्स्पायरी. सकाळी ११.४० च्या सुमारास एनएसईवरचं ट्रेडिंग थांबलं, ते थेट दुपारी पावणेचारला सुरू झालं आणि त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालला. मधल्या वेळात बीएसई चालू होतं. काही ब्रोकरांनी तिकडे जाऊन ग्राहकांच्या इंट्राडे पोझिशन्स कापून टाकल्या. म्हणजे खऱ्या माणसांचे खरे पैसे गेले.

झालं काय होतं? एनएसईच्या मुख्य डेटा सेंटरचा डेटा जवळच्याच दुसऱ्या साइटवर सतत कॉपी होत असतो. मध्ये दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक. एनएसईच्या स्पष्टीकरणानुसार रस्त्यावरच्या खोदकामामुळे दोन्ही कंपन्यांच्या लिंक गडबडल्या. आता लिंक गेली तरी मुख्य साइट चालूच राहायला पाहिजे ना? पण स्टोरेज अपेक्षेप्रमाणे वागलं नाही. मुख्य साइटवरचं स्टोरेजच सर्व्हरना दिसेनासं झालं. रिस्क मॅनेजमेंट सिस्टीम बंद पडली आणि तिच्याशिवाय ट्रेडिंग चालू ठेवणं धोक्याचं होतं.

लक्षात आलं का? जी व्यवस्था संकटात वाचवायला बसवली होती, तिच्यातूनच संकट आलं. म्हणून रेप्लिकेशन लावताना "कॉपी होतेय ना?" एवढं पाहून भागत नाही. लिंक तुटल्यावर काय होणार, हे आधी ठरवावं लागतं.

आता थोडं आतलं बघू. स्टोरेज अ‍ॅरे म्हणजे शेकडो डिस्कचं एक मोठं कपाट, ज्यातून बरेच सर्व्हर एकदम डेटा घेतात. असे दोन अ‍ॅरे दोन ठिकाणी ठेवून जोडायचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला सिंक्रोनस. सर्व्हरने काही लिहिलं, की ते दोन्हीकडे पोचल्यावरच "झालं" असं उत्तर मिळतं. डेटा अजिबात हरवत नाही, पण अंतर आडवं येतं. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. फायबर तेवढीच धरली तरी जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद होतात. आजचा फ्लॅश अ‍ॅरे एका मिलिसेकंदाच्या आत लिहून मोकळा होतो. म्हणजे प्रत्येक वेळी लिहिताना काम कितीतरी पट मंदावणार. म्हणून सिंक्रोनस एकाच शहरात किंवा आसपासच शोभतं.

दुसरा असिंक्रोनस. आधी इथे लिहून मोकळं व्हायचं, कॉपी मागाहून पाठवायची. मुंबई-नागपूरसाठी हाच मार्ग. पण मुख्य साइट अचानक गेली, तर शेवटची काही सेकंदं किंवा मिनिटं गेलीच समजा. किती मिनिटं चालतील हे आयटीवाल्याने एकट्याने ठरवू नये, धंदा सांभाळणाऱ्याला विचारावं.

मग सेटिंग करताना काय पाहायचं?

एक, लिंक तुटली तर मुख्य अ‍ॅरेने लिहिणं चालू ठेवायचं की थांबवायचं? दोन्हीला किंमत आहे. चालू ठेवलं तर दुसरी कॉपी मागे पडते, थांबवलं तर काम बंद.

दोन, विटनेस. लिंक गेल्यावर दोन्ही अ‍ॅरेंना वाटू शकतं की समोरचा मेला, आता मीच मालक. दोघांनीही वेगवेगळं लिहायला सुरुवात केली की झाली खिचडी. यालाच स्प्लिट ब्रेन म्हणतात. म्हणून तिसऱ्या जागी एक पंच बसवायचा, आणि त्याचा रस्ता वेगळा हवा.

तीन, दोन कंपन्यांच्या लिंक घेतल्या म्हणजे दोन रस्ते झाले असं नाही. दोन्ही केबल एकाच नालीतून गेल्या असतील तर एकच जेसीबी पुरे. आपल्या नागपुरात सिमेंट रोडची खोदाई ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. कंपनीकडून केबलच्या मार्गाचा नकाशा मागा.

चार, डेटाबेसचा डेटा आणि त्याचा लॉग वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असतील तर दोन्ही एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये ठेवा. नाहीतर पलीकडे एक १०.०५ चा आणि दुसरा १०.०७ चा पोचेल आणि डेटाबेस उघडणारच नाही.

पाच, रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे. इथे कोणी चुकून टेबल उडवलं तर तिकडेही ते इमानदारीत उडतं. जुन्या तारखेची वेगळी कॉपी हवीच.

एनएसईची लांबची आपत्कालीन साइट चेन्नईत आहे. तरी त्या दिवशी काम तिकडे हलवलं गेलं नाही आणि सेबीने त्याचा जाब विचारला. पुढच्याच महिन्यात नियम कडक झाला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करा.

तुम्ही नुकतेच कुठे इन्फ्राच्या टीममध्ये लागला असाल तर सीनियरना एवढंच विचारा: "दादा, आपण मुद्दाम लिंक काढून शेवटचं कधी बघितलं?" उत्तर "कधीच नाही" आलं, तर रविवारची रात्र ठरवा, सगळ्यांची परवानगी घ्या, आणि केबल काढून बघा. जे काही बिघडायचं ते तुमच्या देखत बिघडलेलं बरं.

भेटू पुढच्या भागात!