लॅपटॉपचा टचपॅड आपल्या हाताला जुळवून घ्या

लॅपटॉप ही आता केवळ ऑफिसात नेण्याची वस्तू राहिलेली नाही. सकाळी मुलांचा अभ्यास, दुपारी विजेचे बिल आणि बँकेचे व्यवहार, संध्याकाळी परगावच्या नातवंडांशी आजीआजोबांच्या गप्पा, हे सारे अनेक घरांत एकाच लॅपटॉपवर चालते. पण त्याबरोबर काही तक्रारीही हमखास ऐकू येतात. बाण एका जागी न्यावा तर तो दुसरीकडेच पळतो. पान खाली न्यायचे असते, ते वर सरकते. टाइप करता करता कर्सर उडी मारून भलत्याच ओळीत जाऊन बसतो.

मग घरातील मोठी माणसे, विशेषतः बायका, ‘‘आम्हाला काही हे जमायचे नाही,’’ असे म्हणून लॅपटॉप दुसऱ्याच्या हवाली करतात आणि त्याबरोबर बँकेचा पासवर्डही! स्वतःच्या पैशांचा व्यवहार स्वतः करण्याची संधी अशा क्षुल्लक कारणावरून हातची जाते. वास्तविक बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. टचपॅड नव्या लॅपटॉपबरोबर येतो तेव्हा तो एका सर्वसाधारण हातासाठी बसवलेला असतो. आपल्या हाताला तो जुळवून घेण्यास दहा मिनिटे पुरतात.

स्पर्श कसा ओळखला जातो?

१९९४ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या पॉवरबुक ५०० या मालिकेत टचपॅड बसवला. त्यापूर्वीच्या पॉवरबुकवर बाण फिरवण्यासाठी छोटा गोळा असे. टचपॅडच्या पृष्ठभागाखाली अतिशय बारीक विद्युतवाहक रेषांची जाळी असते. आपल्या बोटातून वीज वाहू शकते. त्यामुळे बोट जवळ येताच तेथील विद्युतभारात फरक पडतो आणि बोट कुठे आहे हे यंत्राला कळते.

म्हणजेच बाण फिरवताना बोट जोराने दाबण्याची मुळीच गरज नसते. हलका स्पर्श पुरतो. भांडी घासून ओल्या हाताने किंवा नुकतेच क्रीम लावलेल्या हाताने टचपॅड वापरला तर तो गोंधळतो. लोकरीचे हातमोजे घातलेले बोट त्याला बहुधा कळतच नाही. तेव्हा हात कोरडे करा आणि लॅपटॉप बंद करून टचपॅड मऊ, कोरड्या कापडाने पुसा. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच दूर होऊ शकतात.

सेटिंग कुठे सापडते?

विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरा आणि ‘आय’ ही कळ दाबा. ‘सेटिंग्ज’ उघडेल. त्यात ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’मध्ये ‘टचपॅड’ निवडा. विंडोज १० वर हेच ‘डिव्हाइसेस’मध्ये मिळते. अ‍ॅपलच्या मॅकवर ‘सिस्टीम सेटिंग्ज’मध्ये ‘ट्रॅकपॅड’ असे लिहिलेले आढळेल. काही जुन्या लॅपटॉपवर ही यादी अपुरी दिसते. तेथे टचपॅड बनवणाऱ्या कंपनीचा वेगळा प्रोग्रॅम असतो.

या गोष्टी आवर्जून तपासा:

बाणाचा वेग: बाण हाताबाहेर पळत असेल तर ‘कर्सर स्पीड’ कमी करा. बाण पलीकडे नेण्यासाठी बोट तीनचार वेळा उचलावे लागत असेल तर वेग वाढवा.

संवेदनशीलता: टाइप करताना तळहाताचा अंगठ्याकडचा भाग टचपॅडला लागतो आणि कर्सर उडी मारतो. विंडोजमध्ये ‘टचपॅड सेन्सिटिव्हिटी’ एक पायरी कमी करून पाहा.

टिचकीने क्लिक: नुसती टिचकी मारली तरी क्लिक होण्याची सोय असते. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्याकडून यामुळे नको तेथे क्लिक होते. पैसे पाठवताना हे त्रासाचे ठरू शकते. अशांनी ती सोय बंद ठेवावी व टचपॅड खाली दाबूनच क्लिक करावे. याउलट, बोटांचे सांधे दुखत असतील त्यांना टिचकीच सोयीची.

माऊस जोडल्यावर: जे माऊस वापरतात त्यांनी ‘माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा’ या अर्थाच्या ओळीवरील खूण काढून टाकावी.

पान वर की खाली?

दोन बोटे टचपॅडवर सरकवली की पान सरकते, यालाच स्क्रोलिंग म्हणतात. त्याच्या दिशेवरून घराघरांत वाद होतात. मोबाईलवर बोट खाली ओढले की पान बोटाबरोबर खाली येते. माऊसच्या चाकाची सवय असणाऱ्यांना मात्र चाक खाली फिरवले की पुढचा मजकूर दिसावा असे वाटते. २०११ साली अ‍ॅपलने आपल्या मॅकवर मोबाईलसारखी दिशा आणली व तिला ‘नॅचरल स्क्रोलिंग’ असे नाव दिले. अनेक जुन्या ग्राहकांना ती उलटीच वाटली.

यात बरोबर किंवा चूक असे काही नाही. ज्याला जी सवय, त्याने ती दिशा ठेवावी. विंडोजमध्ये ‘स्क्रोल अँड झूम’खाली ‘स्क्रोलिंग डायरेक्शन’ बदलता येते. मॅकवर ट्रॅकपॅडची दिशा बदलली की जोडलेल्या माऊसचीही बदलते, हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येकाचे खाते वेगळे

मुलाने सकाळी केलेला बदल दुपारी आईला छळू लागतो, ही एकत्र वापराची खरी अडचण. यावर उपाय सोपा आहे. ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’मध्ये घरातील प्रत्येकासाठी वेगळे खाते उघडा. सर्वसाधारणपणे प्रत्येक खात्यात टचपॅडचा वेग, दिशा, टिचकी हे सारे वेगवेगळे राहते. आजोबांच्या खात्यात ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधून बाणाचा आकारही मोठा करून ठेवता येईल. शिवाय ज्याचे कागद, ज्याचे पासवर्ड, ते त्याच्यापाशीच राहतात.

येथे दुर्लक्ष नको

टचपॅड अचानक पूर्ण बंद पडला तर लगेच दुकान गाठू नका. पुष्कळ लॅपटॉपच्या वरच्या ओळीत टचपॅडचे चित्र असलेली कळ असते. ती चुकून दाबली गेली आहे का, ते आधी पाहा.

मात्र टचपॅड एका बाजूने वर उचललेला दिसत असेल किंवा एकाएकी दाबला जात नसेल तर सावध व्हा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी त्याच्याच खाली असते आणि ती फुगली की टचपॅड वर ढकलला जातो. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, टचपॅड दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका आणि सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवा.

हाताचीही काळजी घ्या. मनगट टेबलाच्या कडेवर रेलून तासन्तास काम करू नका. अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला वारंवार मुंग्या येत असतील, रात्री त्यामुळे झोपमोड होत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

शेवटी एक सूचना. सारे बदल एकदम करू नका. एक बदल करा, दोन दिवस वापरून पाहा, मग दुसऱ्याकडे वळा. आणि सासूबाईंचा किंवा वडिलांचा टचपॅड जुळवताना तो त्यांच्याच बोटांनी हलवून पाहू द्या. तुमच्या हाताला जो वेग बरोबर वाटतो, तो त्यांच्या हाताला बरोबर असेलच असे नाही.