धक्क्यावरून सुटणारी डोंगरगाडी

माथेरानची गाडी नेरळहून सुटते, कारण मोठी रेल्वे तिथून जाते. स्वित्झर्लंडमधल्या रिगी डोंगराची गाडी मात्र बोटीच्या धक्क्याजवळून सुटते. लूझर्न सरोवराकाठच्या व्हिट्झनाऊ गावातून मे १८७१ मध्ये ती पहिल्यांदा निघाली. युरोपातली ही पहिली दातेरी रुळांची डोंगरगाडी. गावात दुसरी रेल्वे तेव्हा नव्हती, आजही नाही. उतारू पाण्यावरूनच येणार, हे धरूनच सगळा मांड मांडलेला.

ही सवय बोटींनी लावली होती. या सरोवरात पहिली आगबोट १८३७ साली आली. १८५९ मध्ये लूझर्नला रेल्वे पोचली, १८६३ मध्ये थॉमस कुकने इंग्रज प्रवाशांची पहिली स्विस सहल काढली, आणि रिगीवरून सूर्योदय पाहणं हा तिथला कुळाचार होऊन बसला. त्यासाठी पायी, खेचरावर किंवा माणसांनी उचललेल्या खुर्चीतून चढायचं आणि रात्र माथ्यावरच काढायची.

निकलाउस रिगेनबाख या इंजिनिअरने दोन रुळांच्या मधोमध लोखंडी शिडी आडवी टाकली. इंजिनाचं दातेरी चाक तिच्या पायऱ्या धरत वर सरकतं. माथेरानची गाडी वळणं घेत घेत चढते, ही चार मीटरला एक मीटर असा चढही चढते. पण अशा चढावर आडव्या बॉयलरमधलं पाणी एका टोकाला जमणार! म्हणून सुरुवातीच्या इंजिनांचे बॉयलर उभे ठेवले. सपाटीवर ती इंजिनं पडायला आल्यासारखी कललेली दिसत, चढाला लागली की बॉयलर ताठ.

गंमत पुढेच आहे. परवाना लूझर्न प्रांताचा आणि माथा श्विझ प्रांतात. त्यामुळे पहिली गाडी शिखराच्या अलीकडेच, हद्दीवर थांबली. वरचा तुकडा श्विझच्या कंपनीने १८७३ साली बांधला आणि लूझर्नकडच्या गाड्यांना तो भाड्याने वापरावा लागला. बांधावरून भांडणारे काय आपल्याकडेच असतात? पुढे १८७५ मध्ये त्याच कंपनीने आपल्या बाजूने, आर्टहून, स्वतंत्र गाडी वर नेली. एका डोंगराला दोन गाड्या! खुर्ची वाहणाऱ्यांची मात्र रोजी गेली.

१८८२ मध्ये गॉटहार्डचा पंधरा किलोमीटरचा बोगदा पार करून रेल्वे थेट इटलीकडे धावू लागली. तोवर तिकडचे प्रवासी बोटीने सरोवराच्या दक्षिण टोकाला, फ्ल्युएलेनला उतरून घोडागाडीने खिंड ओलांडत. बोटीचं ते काम गेलं, पण पाहुणे आणखी येऊ लागले आणि बोट हे पोचण्याचं साधन न राहता बसून राहण्याची जागा झाली.

कडेला वल्ह्यांची चाकं असलेल्या पाच जुन्या आगबोटी अजून तिथे चालतात. ‘उरी’ १९०१ ची. डेकच्या मधोमध कठडा असतो. खाली वाकलं की इंजिनाचे तेलाने चकाकणारे दांडे सावकाश मागेपुढे होताना दिसतात आणि उबदार, तेलकट वाफ तोंडावर येते. बाहेर आल्प्स असतात. लहान मुलं मात्र कठडा सोडत नाहीत.