धुतलेलं मीठ

सज्जनहो, मीठ धुता येतं का? आज घरी गेल्यावर विचारून बघा. सूनबाई तुमच्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघतील, म्हणतील, मामंजींना कीर्तन बाधलं! पण मीठ धुणारं एक घर महाराष्ट्रात खरोखर होतं. नाशिकजवळ जलालपूर म्हणून गाव आहे, तिथं गोखल्यांचं घर. १८५७च्या धामधुमीत या गोखल्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या मनानं सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य धुवायचं, ते ठीक आहे, आपणही धुतो. पण त्या घरात मीठसुद्धा धुतलं जाई. त्या घरातली मुलगी मनकर्णिका. ती पुढं मोठी झाली, टिळकांच्या घरी दिली गेली आणि लक्ष्मीबाई टिळक झाली. तिनंच हे सगळं 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळलं.

आता हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे नारायण वामन टिळक, कवी. जन्म १८६१चा, रत्नागिरीकडचा. 'रेव्हरंड टिळक' म्हटलं की शाळेतल्या कविता आठवणारी माणसं आपल्या मंडपात अजून आहेत. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला होता. टिळक वाचत गेले ते डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकले. आणि गंमत बघा, ज्या प्रवचनाशी ते अडकले त्याच्या अगदी सुरुवातीलाच मीठ आहे. येशू आपल्या शिष्यांना मिठाची उपमा देतो आणि लगेच विचारतो की मिठाचा खारटपणाच गेला तर त्याला खारट कशानं करायचं? मग ते रस्त्यावर टाकायचं आणि लोकांनी तुडवायचं.

इथं आपल्याला शंका यावी. मिठाचा खारटपणा जाईल कसा? मीठ ते मीठच की! तर त्या देशातलं मीठ आपल्या पुडीतल्या मिठासारखं पांढरंशुभ्र नव्हतं. मृत समुद्राच्या काठचं ते मीठ, त्यात माती आणि इतर क्षार मिसळलेले. ओल लागली की त्यातलं खरं मीठ विरघळून निघून जायचं आणि मागं राहायचा नुसता पांढरा दगडचुरा. दिसायला मीठ, चवीला माती. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात खड्याच्या मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होतं, हे शिवाजी पेठेतल्या आयाबायांना मी सांगायला नको. पाणी सुटतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात मिठाची महती मी काय वर्णावी, माझी मजल आमटीपर्यंतच.

तेव्हा मीठ धुतलं तर काय उरतं? जितकं शुद्ध करायला जावं तितकं ते हातातून जातं. लक्ष्मीबाईंचं सासर-माहेर दोन्ही डोळ्यांसमोर आणा. नवरा ख्रिस्ती झाला, त्या झाल्या नाहीत. पाच वर्षं. पुन्हा एकत्र राहायला लागल्या तेव्हाही सुरुवातीला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मीठ धुणाऱ्याची लेक ती, तिला हे सुटणार कसं? आणि सुटलं ते कुणाच्या व्याख्यानानं नाही सुटलं. त्यांनी स्वतःच बसून विचार केला की माणसं देवानं केली हे खरं, पण या जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर मिळालं त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. धर्मांतर त्यानंतरचं, १९०० सालचं. माझ्या मते त्या बाईची दीक्षा स्वयंपाकघरात आधी झाली, चर्चमध्ये नंतर.

आपल्या गावाला हे परकं वाटू नये. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रोडला हॉटेल काढून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला. बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला! त्या कपात जे होतं ते धुतलेलं मीठ नव्हतं.

आता कोणी तरी मनात म्हणत असेल, ''बुवा, नारदाच्या गादीवर उभं राहून हे ख्रिस्ताचं काय काढलंत?'' कीर्तन संपल्यावर उभा मारुती चौकापर्यंत माझ्याबरोबर चालत येऊन हे विचारणारी माणसं आहेत, आणि विचारावंच त्यांनी. मी काही कुणाला धर्म बदला म्हणून सांगायला उभा नाही. पण उसनवारी आधी त्यांनी केली, ती आपल्या दारची केली, हे तरी माहीत असू द्या. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि ओव्यांमध्ये त्यानं ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ साली ते राशोलला छापलं गेलं. १६१६! तुकोबा तेव्हा लहान होते. पुढं नगरकडं कृष्णराव सांगळे यांनी टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली, पूर्वरंग-उत्तररंगासकट. आणि टिळक तर म्हणत की ख्रिस्ताकडं आपण तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून गेलो. पूल आपला आहे. मग त्या पुलावरून पलीकडं डोकावून बघायला आपल्याला कुणाची परवानगी लागते? आपल्या कोल्हापुरातसुद्धा रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली येऊन राहिले. पावणेदोनशे वर्षांचा शेजार झाला की. आणि शेजाऱ्याच्या घरात काय शिजतं ते आपल्याला वासापुरतंच ठाऊक.

तर शिजतं काय? येशूचे दाखले काढून बघा. त्यात वेदान्त नाही, घटपटाची खटपट नाही. एक बाई पिठात खमीर कालवते. आपण खमीर म्हणत नाही, विरजण म्हणू. चमचाभर विरजण पातेलंभर दुधात घातलं, झाकण ठेवलं, झोपलो. काम रात्री होतं, न दिसता होतं, आणि मधेच चमचा घालून ढवळलं तर बिघडतं. एका बाईचं दहांतलं एक नाणं हरवतं, ती दिवा लावून घर झाडते. धनगराचं मेंढरू चुकतं. शेतकरी बी फोकतो, काही वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत. पाभरीनं पेरणारा आपला शेतकरी म्हणेल, ''असला कसला अडाणी पेरणारा, निम्मं बी घालवलं!'' पण त्या काळी तिकडं मुठीनं फोकूनच पेरायची पद्धत. आणि देवाचा हात सढळ असतो, तो वाफा मोजून पेरत नाही, असं मला त्यात दिसतं.

आपल्याकडं सावता माळ्यानं मळ्यात, गोरोबांनी चाकावर, नरहरी सोनारानं ऐरणीवर, सेना न्हाव्यानं आरशात जे बघितलं तीच ही जात. काम सोडून देव नाही.

पण एक दाखला असा आहे की तो ऐकून माणूस खूश होत नाही, चिडतो. म्हणून त्याच्याशी जरा थांबू.

सकाळी आठ-साडेआठला आपल्या शहरात कुठल्या तरी चौकात मजूर उभे असतात. गवंडी, बिगारी, रंगारी. हातात थापी, पिशवीत भाकरी. कंत्राटदार येतो, माणसं निवडतो, नेतो. येशूच्या दाखल्यात द्राक्षमळ्याचा मालक असाच पहाटे चौकात जातो, दिवसाची मजुरी ठरवून माणसं आणतो. पुन्हा नऊच्या सुमाराला जातो, पुन्हा बाराला, पुन्हा तीनला. आणि पाच वाजता, दिवस मावळायला तास राहिलेला, तेव्हाही जातो. तिथं अजून माणसं उभी! तो विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामालाच लावलं नाही. तो त्यांनाही नेतो. संध्याकाळी हिशेब. पाच वाजता आलेल्यांना पूर्ण दिवसाची मजुरी. मग पहाटेचे लोक मनात मांडे खाऊ लागतात, आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही तेवढीच! झाली कुरकुर सुरू.

आणि मला विचाराल तर कुरकुर गणितानं बरोबर आहे. दिवसभर उन्हात राबलेला आणि तासभर आलेला सारखा कसा? आपल्या पेठेतल्या कुठल्याही तालमीत विचारा, पहाटे पाचला येऊन हजार जोर मारणाऱ्याला आणि सातला येऊन आरशापुढं उभं राहणाऱ्याला सारखीच खुराक दिली तर वस्ताद काय म्हणेल? मालकाचं उत्तर ठाऊक आहे का? तो म्हणतो, तुझं ठरलेलं तुला मिळालं, तुझ्यातून मी काही काढून घेतलं नाही. माझं मी कुणाला द्यावं ते माझं.

आता तुम्ही त्या चौकात थोडा वेळ उभे राहा. पाच वाजेपर्यंत चौकात कोण उरतं? तरणाबांड उरत नाही, तो आठलाच उचलला जातो. उरतो तो पन्नाशी-साठीचा, एक पाय ओढणारा, खोकणारा. उशिरा उठला म्हणून उरलेला नाही तो. तोही पहाटेच आलाय, पण कंत्राटदाराचा डोळा त्याच्यावरून सरकून गेलाय, दिवसभरात चार वेळा. उभं राहणं हेही काम आहे, आणि उन्हातलं आहे. बरं, त्याच्या घरची चूल कशी आहे? तासभर काम केलेल्याच्या घरी एका तासापुरतं पीठ लागतं का? चूल पूर्ण दिवसाचंच मागते. मालकानं मजुरी हातांकडं बघून ठरवली नाही, चुलीकडं बघून ठरवली. म्हणून त्याचं गणित निराळं आलं.

मी हे सांगितलं की दुकानदार मंडळी हसतात, म्हणतात, ''बुवा, असं करून धंदा चालेल का?'' नाही चालणार, रोज नाही चालणार. येशूनंही तो पेढी कशी चालवावी म्हणून सांगितलेला नाही. पण घरी कामाला येणारी बाई चार दिवस तापानं पडली आणि आपण महिन्याच्या पगारातून चार दिवस कापायला बसलो, तर पेन्सिल हातात घेतल्यावर हा दाखला आठवायला काय हरकत आहे? ती चार दिवस घरी होती, तिची चूल सुट्टीवर नव्हती.

हा जो सांगणारा, तो स्वतः कोण होता? सुताराच्या घरचा. नासरेथच्या योसेफ सुताराच्या हाताखाली वाढलेला. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन नावाच्या लेखकानं लिहून ठेवलंय की येशू नांगर आणि जू करायचा. मला हे वाचून फार आनंद झाला. कारण तोच येशू एके ठिकाणी थकल्याभागल्यांना बोलावतो आणि म्हणतो की माझं जू घ्या, ते सोयीचं आहे. जू टाकून द्या असं म्हणत नाही हो! सुतार आहे तो, त्याला माहीत आहे की बैलाला ओढायचं आहेच. प्रश्न जू कसं बसतं एवढाच.

आपल्याकडं आता ट्रॅक्टर आले, पण उसाच्या बैलगाड्या अजून दिसतात. जू खडबडीत असलं, एका बाजूला जड असलं, की बैलाला खांदेसूज येते. मग माणूस बैलाला दोष देतो, की हा अंग काढतो. चांगला सुतार आधी बैलाची मान बघतो. खांद्यावर येणारी कड मारून टाकतो, हात फिरवून बघतो, पुन्हा घासतो. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो. वर्षभर जिथं जू बसलं तिथंच बरोबर हात जातो.

आणि जू एका बैलाचं नसतं. दोन शिवळांच्या पलीकडं दुसरा असतो. माझं जू घ्या, असं सुतारानं म्हटलं, तर दुसऱ्या बाजूला मान कुणाची, हे त्यानं उघड करून सांगितलं नाही. आपल्याला ते जनाबाईकडून ठाऊक आहे. जातं समोरासमोर बसून दोघींनी ओढायचं असतं, आणि जनी एकटी होती. पहाटे समोर कोण येऊन बसलं, खुंट्यावर दुसरा हात कुणाचा पडला, ते आख्यान उद्याच्या उत्तररंगात घेऊ.