बाटली केव्हा भरली?

मंगळवार पेठेसारख्या कोल्हापूरच्या जुन्या पेठांतलं सांडपाणी पंचगंगेला किती बाधतं, हे बाटलीभर पाणी तपासलं की कळेल असं वाटणं साहजिक आहे. पण जयंती नाल्याचं पाणी बंधाऱ्याशी अडवून पंपांनी कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेलं जातं. पंप चालू असताना नाल्याच्या मुखाशी घेतलेला नमुना एक सांगतो. वीज गेली किंवा मुसळधार पाऊस झाला आणि नाला बंधाऱ्यावरून नदीत पडू लागला, की त्याच जागेचा नमुना वेगळंच सांगतो. दोन्ही आकडे खरे, पण एकट्या आकड्यावर विसंबलं तर दोन्ही फसवे. आकडा कसा घ्यायचा आणि कसा वाचायचा, हे शिकवायचं काम ‘संशोधन पद्धती’ या विषयाचं. एम.टेक.च्या आदर्श अभ्यासक्रमात तो बौद्धिक संपदा हक्कांच्या जोडीने एकाच पेपरात बसवला आहे. पर्यावरण अभियांत्रिकीत तरी तो वर्गाबाहेर, नमुना घेण्यापासूनच शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बीओडीची, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणीची चाचणी पाहा. जिवाणूंना पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागतो, ते ती मोजते. 300 मिलिलिटरच्या बाटलीत पाणी असं भरायचं की बुचाखाली हवेचा एक बुडबुडाही राहू नये. मग त्यातला प्राणवायू मोजायला मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की तपकिरी साका बसतो. आम्लाने तो विरघळून पाणी पिवळं होतं, स्टार्चने निळं होतं आणि थायोसल्फेटच्या ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे मोजणी थांबते. ही चाचणी 5 दिवस 20 अंश तापमानाला करण्याची रीत ब्रिटनमधल्या नद्यांचा विचार करून ठरली होती. आपल्याकडच्या उष्ण हवामानासाठी भारतीय मानकाने 3 दिवस आणि 27 अंश स्वीकारले. तेव्हा जुन्या-नव्या अहवालांतले आकडे शेजारी मांडण्याआधी पद्धत कोणती होती, हे पाहावंच लागतं. अंघोळीयोग्य पाण्याची बीओडी मर्यादा लिटरला अवघी 3 मिलिग्रॅम आहे. इतक्या काटेकोर मर्यादेपाशी एक चुकार बुडबुडाही निकाल फिरवू शकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की नदी काळी दिसते, तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मासे मरतात. मग मोजमापाचा घोळ कशाला, उपाय करा. या संतापामागची तळमळ रास्त आहे. पण शहर कारखान्यांकडे बोट दाखवतं, कारखाने गावांकडे, आणि कोणाचा वाटा किती हे ठरल्याशिवाय पैसा कुठे खर्चावा ते कळत नाही. शिवाय 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने नमुना घेण्याची रीत घालून दिली आहे: संबंधिताला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून त्यांवर सह्या घ्यायच्या. ही रीत चुकली तर तो नमुना न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. म्हणजे ढिसाळ पद्धतीचा फायदा शेवटी प्रदूषण करणाऱ्यालाच होतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. एम.टेक.च्या प्रबंधाला जेमतेम वर्ष मिळतं, त्यात पावसाळा, परीक्षा आणि बंद पडणारी उपकरणं. यात तथ्य आहे, म्हणूनच प्रश्न लहान घ्यायला शिकवलं पाहिजे. अख्ख्या पंचगंगेचं आरोग्य तपासण्याऐवजी एका नाल्याचं मुख, त्याच्या वरचं आणि खालचं पात्र, पंप चालू आणि बंद असतानाची स्थिती, एवढंच नीट पाहिलं तरी ते महापालिकेच्या कामाचं ठरेल. प्रत्येक फेरीत एक दुबार नमुना आणि एक शुद्ध पाण्याची बाटली सोबत ठेवावी, वहीत वेळ, पाऊस आणि पंपाची स्थिती टिपावी, आणि आपला अंदाज कोणत्या आकड्याने खोटा ठरेल, ते आधीच लिहून ठेवावं. कोल्हापूर-सांगलीच्या महाविद्यालयांना हे पहिल्याच सत्रात करता येईल. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. अशा वह्या वर्षानुवर्षं एकाच जागेच्या, एकाच रीतीने साठत गेल्या, तर नदीबद्दलच्या वादात कोल्हापूरकरांच्या हाती नुसत्या तक्रारीऐवजी पुरावा असेल.