नाताळच्या लोलकाचें भरतकाम : टांके आणि धागे

नाताळच्या दिवसांत इंग्लंड-अमेरिकेंतील घरांतून जें झाड उभें करतात, त्याच्या फांद्यांना कांचेचे गोळे, दिवे आणि लहानमोठे लोलक टांगलेले असतात. १८४८ सालीं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकांत राणी व्हिक्टोरियाचें कुटुंब अशा झाडाभोंवतीं उभें असलेलें चित्र प्रसिद्ध झालें, आणि मूळची जर्मनींतील ही चाल इंग्रजी घरांत झपाट्यानें रूढ झाली. झाडावरील बहुतेक लोलक बाजारांतून येतात. परंतु कांहीं घरांत आई किंवा आजी ते जाळीवर स्वतःच्या हातानें भरते आणि मागच्या बाजूस मुलाचीं आद्याक्षरें व साल घालते. असा लोलक वर्षांतून एकदां पेटींतून निघतो, कांहीं आठवडे झाडावर राहतो आणि पुन्हां पेटींत जातो. मूल मोठें होऊन आपला संसार थाटतें, तेव्हां तो त्याच्याबरोबर जातो. म्हणून हें काम चार दिवसांच्या शोभेचें दिसलें, तरी त्यांतील टांक्यांची व धाग्यांची निवड चाळीस वर्षांच्या हिशेबानें करावी लागते.

या भरतकामास 'नीडलपॉइंट' असें नांव आहे. मराठी घरांत दुसुतीवर फुलीच्या टांक्यानें अभ्रे व रुमाल भरतात. धारवाडकडील कशिद्यांत कापडाचे धागे मोजून गोपुरें व तुळशीवृंदावनें उठवितात. या दोहोंशीं नीडलपॉइंटचें नातें आहे, कारण येथेंही सारा हिशेब मोजलेल्या घरांचाच असतो. भेद आहे तो असा कीं, दुसुतींत किंवा कशिद्यांत कापडाची भुई मोकळी राहते आणि तीच शोभा देते. येथें मात्र कडक सुती जाळीचें एकही घर उघडें ठेवावयाचें नसतें. धागा हेंच येथें कापड होतें.

१८०४ च्या सुमारास बर्लिन शहरीं चौकटींच्या कागदावरील रंगीत नमुने छापून विकले जाऊं लागले, आणि मऊ मेरिनो लोंकरीनें ते भरण्याची आवड एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंत घरोघर पसरली. त्या कामाचा मुख्य आधार लोंकर हाच होता. आज लोंकर, सूत, रेशीम, कलाबतू अशा नाना धाग्यांनीं दुकानें भरलेलीं असतात, आणि टांक्यांची संख्याही तितकीच मोठी आहे. नवशिक्याची अडचण साधनांच्या अभावाची नसते. ती विपुलतेची असते. हातीं आलेला प्रत्येक सुंदर टांका आणि प्रत्येक चमकदार धागा एकाच लोलकांत घालण्याचा मोह होतो, आणि मग चित्र हरवून केवळ नमुन्यांची चिंधी उरते.

हा मोह आवरण्यास प्रथम मापाचा विचार करावा. लोलकासाठीं बहुधा इंचास १८ धाग्यांची जाळी घेतात. चार इंच व्यासाच्या वर्तुळांत तिचीं सुमारें चार हजार घरें मावतात. इंचास १३ धाग्यांची जाळी घेतली, तर एकवीसशेंच. चार हजार हा आंकडा कष्टांच्या दृष्टीनें मोठा खरा, पण चित्राच्या दृष्टीनें फार लहान आहे.

सर्वांत साधा टांका म्हणजे जाळीच्या एका चौफुलीवरून तिरपा जाणारा 'टेंट' टांका. समोरून तो अर्ध्या फुलीसारखा दिसतो. परंतु तो घालण्याच्या रीती तीन आहेत. पहिल्या रीतींत पाठीमागें केवळ आंखूड उभे टांके पडतात. धागा कमी लागतो, पण पाठ विरळ राहते. दुसऱ्या रीतींत ओळीमागून ओळ भरतांना पाठीमागें लांब तिरपे टांके पडतात. काम टिकाऊ होतें, परंतु सर्व ताण एकाच दिशेस बसल्यानें जाळी कलते. तिसरी रीत तिरप्या ओळींनीं चढत-उतरत जाण्याची. हिच्यांत पाठीमागें टोपलीसारखी वीण तयार होते आणि ताण दोन्ही दिशांस वांटला जातो. चौकोनी उशी थोडी कलली तर ती ओढून सरळ करतां येते. गोल लोलक कलला तर त्याचें अंडें होतें. म्हणून लोलकाची भुई भरतांना ही तिसरी रीतच पत्करावी.

शोभेच्या टांक्यांची गोष्ट निराळी. 'मोझेइक' टांक्याची एक आकृति दोन घरें रुंद व दोन घरें उंच असते. आंखूड, लांब, आंखूड अशा तीन टांक्यांनीं ती पुरी होते. 'स्कॉच' टांक्याची आकृति तीन घरांची असून तिला पांच टांके लागतात. एखाद्या जागेंत आकृति निदान तीन-चार वेळां पूर्णपणें उमटूं शकत नसेल, तर तेथें ती घालूं नये. कारण कडेपाशीं तिचे तुकडे करावे लागतात, आणि जेथें सारे तुकडेच आहेत तेथें नमुना डोळ्यांस उमगत नाहीं; केवळ खडबडीतपणा दिसतो. लांब टांक्यांनाही मर्यादा हवी. चार-पांच धाग्यांहून लांब टांका मुलाच्या नखांत किंवा फांदीच्या टोंकांत अडकतो, आणि एकदां ओढला गेला कीं पुन्हां पूर्ववत् बसत नाहीं.

टांका जागेच्या मापानें निवडावा, तसा धागा प्रकाशाच्या मापानें. लोंकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. त्यामुळें तिच्यावर पडलेला प्रकाश विखुरतो आणि ती शांत दिसते. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी व पृष्ठ गुळगुळीत असल्यामुळें तें झळकतें. सूत मूळचें निस्तेज. परंतु १८४४ सालीं जॉन मर्सर यानें दाहक सोड्याची प्रक्रिया शोधून काढली, आणि पुढें १८९० च्या सुमारास होरेस लो यानें ती सूत ताणून धरून केली, तेव्हां सुतासही चकाकी आली. आजचें 'पर्ल कॉटन' तें हेंच. त्याचा आंकडा जसा वाढतो तसा धागा बारीक होतो. इंचास १८ च्या जाळीस ५ किंवा ८ क्रमांकाचा धागा घेतात.

येथें टांका व धागा यांची गांठ पडते. समांतर पडलेले लांब टांके लहानशा आरशाप्रमाणें प्रकाश परतवितात. टेंट टांक्याचे आंखूड कण तो मोडून टाकतात. म्हणून रेशमासाठीं दिलेला पैसा लांब टांक्यांतच वसूल होतो. मात्र सरळ उभे टांके जाळीच्या धाग्यांस समांतर बसत असल्यामुळें त्यांच्यामधून पांढरी जाळी डोकावते. तेथें सहापदरी धाग्याचा एखादा पदर अधिक घ्यावा. आणि पदर आधीं सोडवून मग पुन्हां जुळवावे, म्हणजे ते सपाट पसरतात.

उदाहरणादाखल हिमानें झांकलेल्या फांदीवर बसलेल्या रॉबिन पक्ष्याचें चित्र घेऊं. नाताळच्या इंग्रजी कार्डांवर हा तांबड्या छातीचा पक्षी व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून आवडता आहे. मागचें निळें आकाश साध्या सुतानें, टेंट टांक्यानें भरावें. तें जितकें मुकें, तितका पक्षी बोलका. पक्ष्याची छाती लोंकरीची, कारण पिसें प्रकाश पितात. तांबड्याच्या दोन छटा पुरेत. जवळच्या हॉली झुडपाचें पान निसर्गतःच तुकतुकीत असतें. तें मधल्या शिरेपासून दोहों बाजूंस तिरप्या टांक्यांनीं रेशमानें भरावें. हॉलीचीं फळें म्हणजे फ्रेंच गांठी. हिमासाठीं पांढऱ्या पर्ल कॉटनचा, विटांच्या रचनेप्रमाणें एकमेकांत गुंतणारा उभा टांका शोभतो. पांढऱ्या भागामागून गडद धागा मात्र कधीं नेऊं नये. तो समोरून सांवलीसारखा दिसतो. आतां कलाबतूला एकच जागा उरली : आकाशांतील तारा. पानें, फळें, हिम आणि तारा अशीं चारही ठिकाणें चमकलीं, तर तारा हा तारा राहत नाहीं.

सुई बोथट टोंकाची, या जाळीस २२ क्रमांकाची घ्यावी. धागा सुमारें १८ इंचांचा ओंवावा. कलाबतूचा त्याहून आंखूड, कारण जाळीतून वारंवार घांसून ती उसवते. तांबडे व गडद धागे कामास लावण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून पाहावे. रंग सुटत असेल तर तो धागा बाजूस ठेवावा. काम पुरें झाल्यावर जाळी ओलसर करून ताणतांना तोच रंग हिमांत उतरेल. लोंकर वापरली असेल तर कसर लागूं नये म्हणून पेटी वर्षांतून एकदां नाताळाखेरीजही उघडून पाहावी.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वर्तुळाबाहेर दोन इंच जाळी मोकळी सोडावी व प्रत्येक टांका त्याच्या धाग्यासह प्रथम त्या कडेवर घालून हातभर अंतरावरून पाहावा. लोलक झाडावर टांगला म्हणजे तो तितक्याच अंतरावरून पाहिला जातो. कडेवरचे वीस टांके उसवावयास दोन मिनिटें लागतात. वर्तुळांतील दोन हजार टांके उसवण्याचा धीर मात्र फार थोड्यांस होतो, आणि मग न आवडलेली निवडच मुलाच्या हातीं जाते.