क्षयरोगप्रतिबंधक लस

क्षयरोगप्रतिबंधक लस : मायकोबॅक्टिरियम ट्युबरक्युलॉसिस या दंडाकार जंतूमुळे होणाऱ्या क्षयरोगाविरुद्ध शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण व्हावी म्हणून टोचण्यात येणारी लस. या रोगावर आजवर बीसीजी ही एकच लस सर्वत्र रूढ झाली आहे. लहान मुलांना होणाऱ्या क्षयरोगाच्या घातक प्रकारांपासून ती चांगले संरक्षण देते. परंतु प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयाला तिच्यामुळे खात्रीने आळा बसत नाही. रोगाचा फैलाव मात्र मुख्यतः अशा प्रौढ रुग्णांच्या खोकल्यातूनच होतो. अधिक गुणकारी लशीचा शोध चालू आहे तो यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सु. १ कोटी ८ लक्ष लोकांना क्षयरोग झाला व सु. १२·५ लक्ष लोक त्याने दगावले. एकूण रुग्णांपैकी सु. २६% भारतातील होते.

बीसीजी : ही लस आल्बेअर काल्मेट व कामीय गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तयार केली व तिचे नाव त्यांच्याच नावांवरून पडले. गाईगुरांना क्षय करणाऱ्या जंतूंचे पित्तयुक्त बटाट्यावर संवर्धन करण्यास त्यांनी लील येथे १९०८ मध्ये सुरुवात केली. १३ वर्षांत सु. २३० वेळा पुनःपुन्हा संवर्धन केल्यावर जंतूंची रोगकारकता नाहीशी झाली, मात्र ते जिवंत राहिले. १९२१ मध्ये पॅरिस येथे एका अर्भकास ही लस प्रथम तोंडावाटे देण्यात आली. जर्मनीतील ल्यूबेक येथे १९३० मध्ये रोगकारक जंतू मिसळलेली लस दिली गेल्याने ७० हून अधिक बालके दगावली. दोष बीसीजीचा नसून प्रयोगशाळेतील मिसळीचा होता, असे चौकशीत आढळले. तथापि लशीवरील विश्वास परत येण्यास बराच काळ लागला.

भारतात मद्रासजवळील गिंडी येथे १९४८ मध्ये बीसीजी लस प्रयोगशाळा स्थापन झाली व १९५१ पासून लस टोचण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेतही ही लस तयार होते. नवजात बालकाच्या डाव्या दंडाच्या वरच्या भागी ती त्वचेच्या थरात टोचतात. काही आठवड्यांनी तेथे बारीक गाठ येऊन ती फुटते व कायमचा व्रण राहतो.

मर्यादा : इंग्लंडमध्ये १९५० नंतर शाळकरी मुलांवर केलेल्या परीक्षणात बीसीजीने रोगाचे प्रमाण सु. तीन-चतुर्थांशाने घटविले. उलट तमिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ मध्ये सुरू झालेल्या व सु. २,६०,००० लोकांचा समावेश असलेल्या परीक्षणात प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून काहीच संरक्षण आढळले नाही. उष्ण प्रदेशांत माती व पाणी यांतील निरुपद्रवी मायकोबॅक्टिरियांशी शरीराचा आधीच संबंध येतो व त्यामुळे लशीचा परिणाम झाकला जातो, असे याचे एक स्पष्टीकरण देण्यात येते. शिवाय बालपणी मिळालेले संरक्षण काळाबरोबर ओसरते. मेंदूच्या आवरणांचा क्षय व रक्तावाटे शरीरभर पसरणारा क्षय यांपासून मात्र बालकांचे संरक्षण होते. म्हणूनच नवी लस सिद्ध होईपर्यंत बीसीजी थांबविणे योग्य नाही.

नव्या लशी : क्षयजंतू शरीरातील महाभक्षी कोशिकांत शिरून तेथेच दडून राहतात. त्यामुळे केवळ रक्तातील प्रतिपिंडे पुरेशी पडत नाहीत. संसर्ग झालेल्या कोशिका ओळखणाऱ्या टी-लसीका कोशिका जागृत व्हाव्या लागतात. यासाठी निरनिराळे मार्ग अवलंबिले जात आहेत.

(१) सुधारित बीसीजी : व्हीपीएम १००२ ही लस बर्लिन येथील माक्स प्लांक संस्थेत श्टेफान काउफमान यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली व तिचा पुढील विकास पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हाती घेतला. बीसीजीचे जंतू महाभक्षी कोशिकेतील एका पिशवीत अडकून पडतात. ही पिशवी भेदणारे प्रथिन तयार करणारे लिस्टेरिया जंतूचे जीन त्यांत घातले असून, पिशवीतील अम्लता घटविणारे यूरिएज हे एंझाइम बनविणारे जीन काढून टाकले आहे. भेदक प्रथिन अम्लधर्मी परिस्थितीतच नीट कार्य करीत असल्याने हे दोन्ही बदल परस्परपूरक ठरतात.

(२) दुर्बल केलेला मानवी क्षयजंतू : स्पेनमधील सारागोसा विद्यापीठात विकसित झालेल्या एमटीबीव्हॅक या लशीत दोन जीने वगळलेला मानवी क्षयजंतूच वापरला आहे. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या सहकार्याने भारतात २०२४ मध्ये तिची परीक्षणे सुरू झाली.

(३) मृत जंतूंची लस : नवी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतील गुरसरन तलवार यांनी कुष्ठरोगासाठी पुढे आणलेला मायकोबॅक्टिरियम इंडिकस प्रानी हा जंतू मृत स्वरूपात ‘इम्युव्हॅक’ या लशीत वापरतात.

(४) प्रथिनयुक्त लस : एम ७२ या लशीत क्षयजंतूची दोन प्रथिने एकत्र जोडलेली असून प्रतिसाद वाढविणारे साहाय्यक द्रव्य मिसळलेले असते.

परीक्षणातील अडचणी : एखादी व्यक्ती क्षयापासून सुरक्षित झाली हे रक्त तपासून निश्चितपणे सांगता येत नाही. प्रयोगशाळेत आशादायक ठरलेली एमव्हीए ८५ए ही लस दक्षिण आफ्रिकेतील सु. २,८०० बालकांवरील परीक्षणात निष्प्रभ ठरल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. संसर्ग झालेल्यांपैकी थोड्यांनाच आणि तोही काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग होत असल्याने हजारो लोकांची दीर्घकाळ पाहणी करणे अपरिहार्य ठरते. एम ७२ च्या आफ्रिकेतील परीक्षणात तीन वर्षांअखेर लस घेतलेल्या गटात १३ व न घेतलेल्या गटात २६ रुग्ण आढळले (२०१९), म्हणजे सु. ५०% संरक्षण मिळाले. ३,००० हून अधिक प्रौढांच्या पाहणीतून हाती आलेल्या या आकड्यांची खातरजमा करण्यासाठी २०२४ मध्ये सु. २०,००० लोकांवरील परीक्षण सुरू करण्यात आले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये व्हीपीएम १००२ व इम्युव्हॅक या दोन्ही लशींचे परीक्षण महाराष्ट्रासह सहा राज्यांतील १८ केंद्रांत सुरू केले. क्षयरुग्णाच्या घरात राहणाऱ्या निरोगी व्यक्तींना संसर्गाचा धोका सर्वाधिक असल्याने, सहा वर्षांवरील अशा १२,००० हून अधिक व्यक्तींची त्यासाठी निवड झाली. यांतील काहींना लशीऐवजी निष्क्रिय द्रव्य टोचले गेले व कोणास काय दिले हे परीक्षकांनाही ठाऊक नव्हते, त्यामुळे निष्कर्षांवर पूर्वग्रहाची छाया पडत नाही.

२०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक जिल्ह्यांत वृद्ध, मधुमेही, कुपोषित, धूम्रपान करणारे व क्षयरुग्णांच्या सहवासातील प्रौढ यांना बीसीजी देऊन तिचा उपयोग अजमावण्यात येऊ लागला. नवी लस अंशतः गुणकारी ठरली, तरी प्रौढ रुग्ण घटल्याने संसर्गाची साखळी तुटण्यास मदत होईल. मात्र लस हा उपचाराला पर्याय नव्हे. लवकर निदान, पूर्ण मुदतीचा औषधोपचार, सकस आहार व हवेशीर निवास यांची जोड तिला द्यावीच लागेल.